स्वयंपाकघरातला लाल दिवा

३ फेब्रुवारी

ही वही यांचीच. पहिल्या आठ पानांवर तारांच्या आकृत्या आहेत, पुढची सगळी कोरी. कोरी पानं टाकवेनात म्हणून लिहायला घेतलं. दुसरं असं की घरात बोलायला कोणी नाही, आणि ताईला फोनवर तेच तेच सांगायला लागले की ती म्हणते, "अगं, हे परवाच सांगून झालंय तुझं. पुढे सरक."

हे जाऊन चार महिने झाले.

आज घड्याळवाले भावजी आले होते. दुकानातून तसेच उठून आले, भिंग कपाळावरच. हे, भावजी, दातांचे डॉक्टर आणि एक निवृत्त बसड्रायव्हर असे चौघे दर रविवारी आमच्या मागच्या खोलीत वाजवत बसायचे. कोणीही कुठे शिकलेलं नाही. यांचा कीबोर्ड, भावजींची बासरी, ड्रायव्हरकाकांचा ड्रम, आणि डॉक्टर गायचे. दिवसभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणून सांगायचं आणि रविवारी स्वतः करायचं.

भावजी म्हणाले, "अठ्ठावीसला डॉक्टरांच्या दवाखान्यात जमतोय आम्ही. त्याची आठवण म्हणून. त्याची शेवटची धून लावायची आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर असेल. तुम्ही शोधून द्याल का, वहिनी?"

"मी? मी त्याला फक्त पुसते. तुम्हीच शोधा की."

"नाही, आधी तुम्ही ऐका. मग द्यायची की नाही ते ठरवा."

"त्यात ठरवायचं काय?"

ते कप खाली ठेवून भिंगाशी चाळा करत बसले. म्हणाले, "कॉम्प्युटरला भ्यायचं नाही. घड्याळापेक्षा गरीब असतो. त्याची स्प्रिंग उडून डोळ्यात जात नाही."

५ फेब्रुवारी

यांनी आजारपणात माझ्यासाठी एक जाड वही लिहून ठेवली आहे. वर नुसतं 'तुझ्यासाठी'. घरातलं प्रत्येक यंत्र कसं चालवायचं ते तीत आहे. आपोआप लागणारे दिवे, पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी, कॉम्प्युटर, सगळं यांनी स्वतः जोडलेलं. तिशीपासूनचा नाद. दुसरे लोक बिघडलेली वस्तू टाकून देतात, हे चांगली वस्तू बिघडवून परत नीट करायचे.

ही वही मी आजवर उघडली नव्हती. माझी शाळा चौथीला सुटली. पुढचं वाचन मी स्वतः शिकले, आधी पुड्यांचे कागद, मग वाचनालय. लोकांचे कपडे शिवता शिवता कपाटंच्या कपाटं वाचून काढली. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही सोडत नाही. आणि घरातली ही एक वही राहिली. यांचं अक्षर बघवत नव्हतं.

आज उघडली. कॉम्प्युटरचं पान असं आहे: 'पायरी १. मागचं बटण. पायरी २. पुढचं बटण. पायरी ३. थांब. त्याला वेळ लागतो. माझ्यासारखाच आहे. चिडू नकोस.'

पायरी तीनपर्यंत पोचले आणि बंद केलं. आजच्याला एवढं पुरे.

७ फेब्रुवारी

 

सकाळी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर तीन फोल्डर होते. 'रविवार', 'अर्धवट' आणि 'स्वयंपाकघर'. मला वाटलं स्वयंपाकघरमध्ये सामानाच्या याद्या असतील. यांना याद्यांची हौस. म्हणून पहिल्यांदा तोच उघडला. आत एकसष्ट रेकॉर्डिंग. प्रत्येकाला क्रमांक, तारीख आणि पुढे दोन-तीन शब्द. 'मशीन, संथ.' 'मशीन + ती.' 'हसली.'

ती म्हणजे कोण?

हेडफोन घातला. आधी शिलाई मशीन. मग एक बाई गुणगुणायला लागली. गळा जाडसर, सूर जरा खालीच. खरं लिहायचं ठरवलं आहे, तर लिहिते.  पस्तीस वर्षांचा संसार, आणि कॉम्प्युटरमध्ये एक परकी बाई. ती गात होती आणि मी खुर्चीचा हात धरून बसले होते. कोण असेल, कुठली, कधीपासून, इतकं सगळं दहा सेकंदांत मनात येऊन गेलं.

मग ती बाई म्हणाली, "मेला दोरा, परत तुटला."

मी होते ती.

माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही हे कुठेतरी वाचलं होतं. खोटं वाटलं होतं.

८ फेब्रुवारी

आणखी बारा ऐकली. सगळी गेल्या वर्षीची, मार्चपासूनची.

माझं मशीन स्वयंपाकघरात, खिडकीशी आहे. तिथे मी शिवता शिवता जे जे केलं ते सगळं यात आहे. गुणगुणणं. गिऱ्हाइकांना दिलेल्या शिव्या. "कंबर बघा आणि म्हणे फिटिंग हवं." नाक शिंकरणं. एकात तर मी नुसती रडते आहे, चांगली पाच मिनिटं, आणि मग उठून भांडी घासते. त्याच्यापुढे यांनी लिहिलंय, 'आज नाही गायली.'

मला भयंकर राग आला आहे. गेलेल्या माणसावर चिडायचं कसं तेही कळत नाही. त्यांचा शर्ट अजून खुंटीला आहे, त्यालाच म्हटलं, "विचारायची रीत असते की नाही?"

ताईला फोन केला. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, जिभेला धार अजून तशीच.

"चोरून ऐकायचा तो?"

"चोरूनच म्हणायचं."

"काय ऐकायचा पण? तुझं गाणं? बिचारा."

"हसू नकोस गं."

"बरं, नाही हसत. पण तू मला फोन कुठून करायचीस?"

 मी ताईला फोन स्वयंपाकघरातूनच करायची.

९ फेब्रुवारी

आता कळलं. न कळतं तर बरं होतं.

हे अंथरुणाला खिळले तेव्हा, मार्चमध्ये, यांनी एक डबा बनवला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात स्पीकर, वर एक बटण आणि दोन दिवे, हिरवा आणि लाल. तो मशीनच्या वर फळीवर ठेवला. दुसरा तसाच त्यांच्या उशाशी. त्यांनी हाक मारली की मला शिवताना ऐकू यावी म्हणून. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही आणि त्यांच्या छातीत मोठ्याने ओरडायचं बळ नव्हतं. बसवला त्या दिवशी ते पलंगावरून काहीतरी समजावत होते. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी मान हलवली.

हिरवा दिवा असला की त्यांच्या खोलीतला आवाज माझ्याकडे यायचा. त्यांचा श्वास, खोकला, कीबोर्ड. बटण दाबलं की लाल दिवा लागायचा आणि तो आवाज थांबायचा. मी समजले, बंद झालं. आमचा टीव्ही बंद केला की त्याचा लाल दिवा लागतो. रस्त्यावर लाल म्हणजे थांबा. मग मला जे काही एकटीने करायचं असेल, ताईला फोन, रडणं, गाणं, ते मी आधी बटण दाबून, दिवा लाल झालेला बघून करायची. दहा-पंधरा मिनिटांनी परत हिरवा.

आज 'तुझ्यासाठी' मध्ये डब्याचं पान वाचलं.

'हिरवा: माझ्या खोलीचा आवाज तुझ्याकडे. लाल: तुझा आवाज माझ्याकडे, आणि माझ्याकडचा बंद, नाहीतर दोन्ही डबे शिट्टी मारतात. लाल लागला की कॉम्प्युटर आपोआप रेकॉर्ड करतो. आमच्या वाजवणाऱ्या लोकांत लाल म्हणजे रेकॉर्डिंग चालू. तुला वाटेल तेव्हाच दाब. नको असेल तेव्हा हिरवाच राहू दे.'

तीनदा वाचलं.

म्हणजे हिरव्यात त्यांना काही ऐकू जात नव्हतं. दिवसभर मी मोकळी होते. जेव्हा जेव्हा लपून काही करायचं ठरवलं, नेमकं तेव्हाच उठून त्यांच्या कानाशी बटण दाबलं. एकसष्ट वेळा.

आणि चोरून नव्हतं ऐकलं त्यांनी. त्यांना वाटत होतं मीच ऐकवते आहे. संध्याकाळी चहा घेऊन गेले की कधीकधी म्हणायचे, "आज छान होतं हं."

"काय छान?"

"सगळंच."

मला वाटायचं चहाबद्दल म्हणतात.

१० फेब्रुवारी

काल झोपण्याआधी एक तारीख आठवली. तेव्हापासून तीच डोक्यात आहे. अकरा जून.

दहा जूनला इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता फार तर चार-सहा महिने, आणि ते सोपे नसतील. अकराला दुपारी मी बटण दाबून ताईला फोन केला. काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले होते, "आता सुटले तर बरं, ताई. मला झोप हवी. मला माझं घर परत हवंय."

बोलले. तेव्हा खरंच तसं वाटत होतं. तीन महिने मी सलग दोन तास झोपले नव्हते.

हे त्यांनी ऐकलं का?

सकाळी देव्हाऱ्यापुढे उभं राहावं तशी कॉम्प्युटरपुढे उभी होते. यादीत खाली खाली गेले. शेवटचं रेकॉर्डिंग एकसष्ट नंबर, तारीख दहा जून. अकरा जूनचं नाही! पुन्हा बघितलं. नाही. त्यानंतर एकही नाही. खाली फरशीवर बसले आणि रडले.

त्या दिवशी यंत्र बिघडलं असेल. यांची यंत्रं बिघडायचीच. किंवा दुपारच्या गोळीने झोप लागली असेल. तेरा ते सतरा जून मी घरी नव्हतेच. यांनीच हट्ट धरून मला ताईकडे पाठवलं. "चार दिवस जा, नुसती झोप. घड्याळवाला राहील माझ्यापाशी." मी तेव्हा रागावले होते, मला घरातून घालवायला बघताय म्हणाले होते. ते हसले फक्त. तर त्या चार दिवसांत रेकॉर्डिंग नसणारच. पण त्यानंतरही का नाही? मी तर ऑक्टोबरपर्यंत रोज लाल करत होते.

जाऊ दे. अकरा जूनचं नाही, एवढं मला बस्स.

१२ फेब्रुवारी

'तुझ्यासाठी'त एक पान आहे: 'चुकून काही पुसलं गेलं तर.' त्यात लिहिलंय की पुसलेलं लगेच जात नाही, कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पडून असतं, तिथून परत काढता येतं.

मी वाचणारी बाई. पान दिसलं की वाचते. ही सवय मला आज नडली.

कचऱ्यात एकच वस्तू होती. 'बासष्ट. ११ जून.' पुढे शब्द काहीच नव्हते.

पुसल्याची वेळसुद्धा असते तिथे. रेकॉर्डिंग संपलं दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी. पुसलं दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी.

झोपले नव्हते.

परत काढलं. ऐकलं. आठवतं तसंच आहे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त आवाज मला वाटला होता त्यापेक्षा शांत आहे. कोणी भाजी सांगावी तसं सांगितलंय. "आता सुटले तर बरं, ताई." मग ताईचं बोलणं ऐकू येत नाही, मी हं हं करते. मग मी फोन ठेवते. मग मशीन. मग, देवा, मी गुणगुणते आहे.

१३ फेब्रुवारी

काही शिवलं नाही. एक गिऱ्हाईक दारातून परत पाठवलं. तापाचं खोटं कारण सांगितलं.

सारखं एकच. लाल म्हणजे त्यांच्यासाठी. त्यांना तसंच माहीत होतं. मग त्यांना असंच वाटलं असणार की मी हे त्यांना ऐकवायला बोलले. तोंडावर बोलवत नाही म्हणून बटण दाबून सांगितलं. पुढे चार महिने मी त्यांना भरवत होते, पुसत होते, कूस बदलून देत होते, आणि ते मनात हे घेऊन माझ्याकडे बघत होते.

एकदाही काही म्हणाले नाहीत. उलट हसायचे.

कसे हसले असतील?

१५ फेब्रुवारी

नुसतं बसून डोकं फुटायची वेळ आली म्हणून हाताने काहीतरी करावं म्हटलं. डब्याची परीक्षा घेतली. वहीत आहे तसं कॉम्प्युटरवरचं 'आपोआप रेकॉर्ड' बघितलं, ते बंद होतं. चालू केलं. स्वयंपाकघरात जाऊन बटण दाबलं. लाल दिवा लागला. चार वाक्यं बोलले, मशीन चालवलं, चमचा आपटला. परत जाऊन बघितलं.

रेकॉर्डिंग झालं होतं, त्रेसष्ट नंबर, पण आत काही नाही. आवाज असला की पडद्यावर डोंगर दिसतात, इथे आडवी सरळ रेघ. तारा बघितल्या, प्लग काढून परत घातला, बटण फडक्याने पुसलं. पाच वेळा केलं. पाचही वेळा दिवा लाल, आणि रेघ सरळ.

डबा बिघडलाय. पण दिवा कसा लागतो मग?

भावजींना फोन केला. म्हटलं, "स्वयंपाकघरातला डबा ऐकत नाही."



"परवा येतो, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही उघडू नका."

१७ फेब्रुवारी

लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर उद्या वाटेल स्वप्न पडलं.

भावजी आले. चहा नको म्हणाले. ते चहा नको म्हणाले तेव्हाच मी ओळखलं.

मी आधीच सगळं सांगून टाकलं. लाल-हिरव्याची चूक, ताईचा फोन, कचऱ्यातलं रेकॉर्डिंग. ते वाक्यसुद्धा सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. वर बघितलं तर भावजींनी भिंग डोळ्यावर ओढलेलं, आणि हातात बघायला काहीच नाही.

"मला वाक्य माहीत नव्हतं," ते म्हणाले. "त्याने सांगितलं नाही. आज पहिल्यांदा ऐकतोय."

मग फळीवरचा डबा खाली काढून त्यांनी चार स्क्रू सोडवले, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. आत तारा, स्पीकर, दिव्यांच्या मागच्या बाजू. एका कोपऱ्यात वाटाण्याएवढं भोक, त्याच्याशी दोन तारा. टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली.

"इथे माईक होता. मी काढला."

"कधी?"

"तुम्ही ताईंकडे गेलात ना, त्याच दिवशी. तुमची रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि हा म्हणाला, स्क्रूड्रायव्हर घे."

मी म्हटलं, "ऐकवत नसेल माझा आवाज."

"अहो, नाही हो!" ते जवळजवळ ओरडलेच. "मीही विचारलं त्याला, अरे, बरा चाललाय की डबा, कशाला मोडतोस. तर म्हणाला, 'तिला लालचा अर्थ उलटा कळलाय. इतके दिवस मला वाटत होतं मला ऐकवते. परवा कळलं की नाही. ती एकटी असते तेव्हाच दाबते.' मी म्हटलं, मग सांग तिला, फुकट उघड्यावर बोलते ती. तर म्हणाला, 'सांगितलं तर ती आठवत बसेल काय काय बोलली ते. आणि मग बोलायचीच बंद होईल. तिला ती एकच जागा आहे.'"

मी डब्यातल्या त्या भोकावर बोट ठेवलं.

"माईक काढल्यावर मी दिव्याची तारही काढत होतो. उगाच कशाला जळायचा. तर मला म्हणाला, 'दिवा राहू दे. तिला दिवा लागतो.'"

 म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर एका मिनिटात त्यांनी ते पुसलं. 'माझी बायको मला मरायला सांगते आहे' असं त्यांना वाटलंच नाही. त्यांना वाटलं, हिला दिवे कळलेले नाहीत.

मी त्यांना एवढं ओळखत होते का? मी त्यांच्या जागी असते तर मला काय वाटलं असतं? नक्की दुसरंच.

जाताना भावजी म्हणाले, "धून ऐकलीत?"

"नाही अजून."

"तुमचा आवाज आहे तीत. म्हणून म्हटलं होतं, आधी ऐका. जुलै-ऑगस्ट तेच करत होता. एकसष्टमधले तुकडे घेऊन."

जुलै-ऑगस्ट. म्हणजे त्यानंतर.

१९ फेब्रुवारी

वाटलं होतं आता मन हलकं होईल. काल दिवसभर होतंही. चार कपडे शिवून झाले.

आज ताईला सगळं सांगितलं.  

ती म्हणाली, "म्हणजे जूननंतरचं त्याने काहीच ऐकलं नाही."

"नाही. तेच सांगतेय. माईकच नव्हता."

"अगं, पण जूननंतर तू काय बोलायचीस आठवतं का तुला? माझ्याकडे चार दिवस झोपून गेलीस आणि माणूसच बदललं. रोज फोनवर, 'ताई, आज दोन घास जास्त जेवले. ताई, आज कीबोर्ड मांडीवर घेतला. ताई, अजून एक वर्ष मिळू दे गं, मी काढेन असंच.' ऑगस्टमध्ये तर मी वैतागून म्हटलं, बाई, देवाला फोन कर, मला काय सांगतेस."

 आठवत होतं. सगळं आठवत होतं. रोज बटण दाबून, लाल दिवा बघून बोलले होते.

जे ऐकायला नको होतं ते एक वाक्य त्यांनी ऐकलं. जे ऐकायला हवं होतं ते चार महिने रोज बोलले, त्या भोकाशी, दोन गुंडाळलेल्या तारांशी. माझी अडचण होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचे कान काढून घेतले होते.

ताई म्हणाली, "तोंडाने कधी सांगितलंस त्याला? खोलीत जाऊन?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

"कूस बदलून द्यायची ना गं मी."

"ते तर नर्ससुद्धा करते," ताई म्हणाली. आणि मग मला पहिल्यांदा ताईचं रडणं ऐकू आलं.

२१ फेब्रुवारी

धून ऐकली. सहा मिनिटं. माझ्या मशीनचा ठेका, त्यावर मी, आणि मधून मधून कीबोर्ड, अगदी हळू, दारात उभं राहून विचारावं तसा. मशीन थांबतं तिथे तेही थांबतात. 'मेला दोरा' कापलेला नाही.

बासष्ट नंबर मी पुसला. कचऱ्यातूनही पुसला. पुसताना कॉम्प्युटरने विचारलं, नक्की ना? त्यांना हे दोनदा विचारलं गेलं नसेल, त्यांनी कचरा रिकामा केला नव्हता. विसरले असतील.

भावजींना निरोप दिला, घेऊन जा.

२८ फेब्रुवारी

दवाखान्यात वाट बघायच्या खुर्च्यांवर वीसेक माणसं होती. भिंतीवर दातांचं मोठं चित्र, त्याखाली स्पीकर. ड्रायव्हरकाका नवीन शर्ट घालून आले होते, बटण तुटलेलं. मी येताना सुईदोरा आणला असता तर लावून दिलं असतं.

धून लागली. मी जमिनीकडे बघत बसले. 'मेला दोरा'ला लोक हसले, मग कोणीतरी त्यांना श्श केलं. संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "वहिनी, दोन शब्द?"

मी आजवर चार माणसांपुढे बोललेली नाही. नाही म्हणायलाच उठले होते.

म्हटलं, "हे मशीन माझं आहे आणि आवाज माझा आहे. यांनी मला नीट विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं."

लोक पुन्हा हसले. मी तिथेच बसायला हवं होतं. बसले नाही.

"जूनमध्ये मी एकदा म्हणाले होते की सुटले तर बरं. ते यांनी ऐकलं. त्यानंतर मला ते हवे होते. जुलैत हवे होते, ऑगस्टमध्ये हवे होते, शेवटच्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत हवे होते. हे मी यांच्या खोलीत जाऊन सांगितलं नाही. दोन पावलांवर खोली होती."

  एका बाईंनी माझ्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली, मला बसायला जागा व्हावी म्हणून. मी बसले.

मग ड्रायव्हरकाका उठले. मला वाटलं ड्रमकडे जातायत. पण ते शेवटच्या रांगेत त्यांच्या बायकोपाशी गेले आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "काय? हे आत्ता सांगताय?"

"हो, आत्ताच," ते म्हणाले.